समोर कोणी नसताना

नळाला पाणी आलं होतं. आमच्या लातुरात पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काम, आणि मी तर एरवीही एका जागी बसणारा माणूस नाही. खाली हौदात पाइप, वर टाकीला मोटार, मधल्या जिन्यावर मी... असा गोंधळ चालू असताना खिशातला फोन वाजला. नांदेडहून सुनंदावहिनींचा. एवढ्या सकाळी त्या कधी फोन करत नाहीत. मी पायरीवरच थांबलो. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "गेले तुमचे दोस्त." पुढेही बरंच काही बोलल्या, कधी, कसं, कुठे न्यायचं ठरलंय... त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मी "हो, हो" म्हणत जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. वर टाकी भरून वाहायला लागली होती आणि शेजारचे ओरडत होते, "सर, मोटार बंद करा की!" बटण माझ्या हाताशी होतं. मी नुसता त्याच्याकडे बघत उभा होतो.

उत्तम सोनकांबळे गेला त्याला आता काही आठवडे झाले. पेपरात दोन ओळी आल्या होत्या. जुने बॉक्सर, वीज कंपनीत लाइनमन, अनेक खेळाडू घडवले, मनमिळाऊ स्वभाव. त्या ओळी वाचून मला राग आला. मनमिळाऊ कोण नसतं मेल्यावर? उत्तमनं जे केलं ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलं नाही, आणि त्याबद्दल त्या दोन ओळींत अवाक्षर नव्हतं. तो समोरच्याला समोरच्याच खेळात हरवायचा. पळणाऱ्याला पळून, अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जाऊन, वाट बघणाऱ्याची वाट बघून. मी त्याच्याशी दोनदा लढलो आणि दोन्ही वेळा माझ्याच खेळानं मार खाल्ला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. या माणसाला एकदा, फक्त एकदा, त्याच्या स्वतःच्या खेळात हरवायचं. अडचण एवढीच होती की त्याचा स्वतःचा खेळ कोणता, हे मला कधी कळलंच नाही. तीस-पस्तीस वर्षं मी ते शोधत राहिलो. आणि हा गडी न सांगता निघून गेला.

फोन आला त्या दिवशी नांदेडच्या गाडीत जागा असूनही मी चाकूरपर्यंत उभाच होतो. कंडक्टर म्हणाला, "सर, बसा की, सगळी गाडी रिकामीच हाय." बसलो. अहमदपूरला पुन्हा उठलो. लोह्याच्या पुढे गाडी एका उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, तेव्हा मी ड्रायव्हरजवळ जाऊन त्याला वाट कशी काढायची ते सांगायला लागलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हीच घ्या मग स्टेअरिंग." मागचे लोक हसले. मीही हसलो, आणि मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. उत्तम असता तर काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. तो ड्रायव्हरशेजारी जाऊन ड्रायव्हरइतकाच गप्प बसला असता, आणि थोड्या वेळानं ड्रायव्हरच त्याला विचारता झाला असता, काय हो, काढू का बाजूनं?

चाकूरजवळच्या आमच्या गावात बॉक्सिंग कोणाला ठाऊक नव्हतं. कुस्ती सगळ्यांना ठाऊक. मी कॉलेजसाठी लातुरात आलो, तिथे एका सरांनी मला मैदानावर उगाचच इकडून तिकडे फिरताना पाहिलं आणि म्हणाले, याला रिंगमध्ये घाला. माझा खेळ म्हणजे फिरणं. एक ठोसा टाकायचा आणि निघायचं. डावीकडे, मागे, पुन्हा डावीकडे. समोरचा माझ्यामागे धावून दमायचा, दमला की चिडायचा, चिडला की चुकायचा. सर मला भिंगरी म्हणत. या एवढ्या भांडवलावर मी लातुरात चांगलाच शेफारलो होतो. नांदेडला विभागीय स्पर्धा होती, तिथे पहिल्याच दिवशी समोर अर्धापूरचा एक सडपातळ पोरगा आला. त्याचं नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

घंटा झाली. मी डावीकडे फिरायला लागलो. तोही डावीकडे फिरायला लागला. मी ठोसा टाकून मागे सरकलो, त्यानं ठोसा टाकला आणि तोही मागे सरकला. आमच्या मधली जागा काही कमी होईना. दोघंही रिंगच्या कडेकडेनं गोल गोल, आणि मध्ये रेफरी एकटाच उभा. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग हसू, मग कोणीतरी वरच्या बाकावरून ओरडलं, "लग्न लावायलेत का बॉक्सिंग करायलेत? अक्षता आना रे कोनीतरी!" सगळा हॉल फुटला. रेफरीनं आम्हा दोघांना ताकीद दिली. त्याला काही फरक पडला नाही, तो फिरत राहिला, मजेत, जत्रेत फिरावं तसा. मला मात्र सहन होईना. माझ्यापासून कोणी पळतंय ही गोष्टच मला नवीन होती. दुसऱ्या राऊंडला मी त्याच्यामागे धावायला लागलो. धावायची सवय नाही, जवळ गेलो की नाकावर एक बसायचा आणि समोरची जागा रिकामी. दमलो, चिडलो, चुकलो. माझ्या सगळ्या विरोधकांचं जे व्हायचं ते क्रमानं माझं झालं. निकाल लागला तेव्हा त्याचा हात वर गेला आणि मी रिंगमधून अशा वेगानं खाली उतरलो की शिडीच चुकलो.

हॉलच्या मागे एका लिंबाखाली मी तोंड धूत होतो, तिथे तो आला. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी डाग, जागोजाग. मला वाटलं माझ्या नाकातलं रक्त. ते केळीच्या चिकाचे होते, आणि ते डाग कधी निघत नाहीत. त्याची आई अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत मजुरीला जायची, हाही सुटीत जायचा. पिशवीतून त्यानं केळी काढली आणि अर्धी माझ्या पुढे केली.

"राग आलाय का?" त्यानं विचारलं.

"तू माझा खेळ खेळलास," मी म्हणालो.

"हाव. लई चांगला खेळ हाय तुझा. फिरायला मजा आली."

"मग तुझा खेळ कुठाय?"

त्यानं थोडा विचार केला. "ते समोर कोन हाय त्याच्यावर हाय," असं म्हणून केळ सोलायला लागला. मी रागारागानं त्याची केळी खाल्ली. तिथून आमची दोस्ती सुरू झाली. कशी टिकली ते मला विचारू नका, कारण मी सारखा भांडायचो आणि हा भांडायचाच नाही... किंवा असं म्हणतो, मी भांडायला लागलो की माझ्याच सुरात, माझ्याच शब्दांत भांडायचा, आणि मला हसू यायचं.

एकदा तो न कळवता आमच्या गावाला आला. उन्हाळा होता, मी शेतात. वडील ओसरीवर. आमचे वडील जुन्या वळणाचे, म्हणजे नेमके कसे ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. उत्तमनं सांगितलं. वडील गप्प झाले. त्यांचं गप्प होणं भारी असायचं, त्यापुढे भावकी, सोयरे, तलाठी, सगळे गडबडून काहीतरी बोलून जायचे आणि फसायचे. मी शेतातून आलो तेव्हा ओसरीवर दोघं बसलेले. वडील भिंतीला टेकून, एक पाय दुमडून, समोर रस्त्याकडे नजर. आणि उत्तम त्याच भिंतीला टेकून, तसाच पाय दुमडून, त्याच रस्त्याकडे बघत. कोणी बोलेना. मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार, म्हणून मी दारातच येरझाऱ्या घालायला लागलो. बऱ्याच वेळानं वडिलांनीच घसा खाकरला आणि म्हणाले, "तुमच्याकडं केळीला पानी पुरलालंय का अवंदा?" उत्तम म्हणाला, "पुरतंय कसंबसं, तात्या." मग दोघं पाण्यावर बोलत बसले. आईनं तिघांनाही सारख्या कपात चहा दिला. वडिलांनी त्या कपांकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. नंतर मरेपर्यंत ते मला विचारायचे, तुझा तो नांदेडवाला कसा आहे. माझ्या वडिलांना कोणी हरवलेलं मी तेवढंच पाहिलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला होता. अजून होतो.

तो का आला होता ते मात्र मला नंतर कळलं. पुढच्या महिन्यात लातुरात आमची दुसरी लढत होती आणि तो मला बघायला आला होता. रिंगमध्ये नव्हे, असंच. तो सगळ्यांच्याच बाबतीत असं करायचा. समोरचा चहा कसा पितो, रस्ता कसा ओलांडतो, बसमध्ये कुठल्या बाजूला बसतो, बोलताना मध्ये थांबतो का, हे बघत बसायचा. म्हणायचा, रिंगमध्ये मानूस शिकवलेलं करतो, बाजारात स्वतःचं करतो. माझ्याबद्दलचं त्याचं निरीक्षण असं होतं, "तू बांधावर बी सरळ चालत न्हाईस, व्यंक्या."

आता ती दुसरी लढत. माझ्या गावची माणसं ट्रॅक्टर करून आलेली, वडील पहिल्या रांगेत फेटा बांधून. मी ठरवून आलो होतो. हा माझा खेळ घेतो ना, मग मी माझा खेळ खेळणारच नाही. दोन महिने मी पाय रोवून उभं राहायचा सराव केला होता. घंटा झाली आणि मी रिंगच्या मध्ये खांबासारखा उभा राहिलो. आता हाही उभा राहील, आणि वजन माझं जास्त, बघू काय करतो. उत्तम फिरायला लागला. माझ्या पद्धतीनं, माझ्या लयीत, डावीकडे, मागे, पुन्हा डावीकडे. मी खांब आणि तो भिंगरी. माझ्याच गावची माणसं म्हणायला लागली, अरे, तो बघ आपल्या व्यंकटसारखा खेळतोय! हरलो हे सांगायला नको. नंतर मी त्याला म्हणालो, ही फसवणूक आहे, मी तसा खेळलोच नव्हतो. तो बँडेज सोडवत म्हणाला, "तू तुझा खेळ घरी ठेवून आलास. मी घेऊन आलो." बाकी काही नसलं तरी या एका वाक्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही.

त्यानंतर मी त्याच्या कोपऱ्यात, टॉवेल घेऊन. उदगीरचा एक जण होता, त्याचा उजवा ठोसा बसला की समोरचा बसायचाच. सगळे त्याच्यापासून लांब पळत आणि पळता पळता सापडत. उत्तम त्याच्यासमोर पाय रोवून उभा राहिला. ठोशाला ठोसा. नाक फुटलं, ओठ फाटला, मी दोरीवर हात आपटत ओरडत होतो, "फिर की! फिर!" राऊंड संपल्यावर स्टुलावर बसून रक्त थुंकत तो म्हणाला, "पळनाऱ्याला तो रोजच मारतो रे. त्याच्यापुढं उभं राहिलेलं कोनी त्यानं बघितलंच न्हाई." तिसऱ्या राऊंडला तो उदगीरचा गडी मागे सरकायला लागला. मागे कसं सरकायचं हे बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं. देगलूरच्या एकाची तऱ्हा उलटी. तो पहिला ठोसा कधीच टाकायचा नाही, वाट बघायचा, तुम्ही हात उचलला की तुमच्या उघड्या बरगडीत घुसायचा. उत्तमनं वाट बघितली. दोघंही गार्ड घेऊन उभे, कोणीच काही करेना, रेफरी वैतागला, माझ्या पायांना मुंग्या आल्या. देगलूरचे सर मराठी सोडून तेलुगूवर आले, "कोट्टरा, कोट्टरा!" मार म्हणत होते. शेवटी त्या पोरानं हात उचलला, आणि त्याचीच बरगडी उघडी पडली.

हे कसं जमतं, असं मी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "मानसाला आपला खेळ द्यायला येतो. घ्यायला येत न्हाई. घ्यायचा सराव कोन करतंय?" पण हेही सांगायला हवं की तो हरलाही. आणि कोणाकडून, तर परभणीकडच्या एका नवख्याकडून. त्या पोराची पहिलीच स्पर्धा, हात कुठेही, पाय कुठेही, मान खाली घालून दोन्ही हात गरागरा फिरवायचा. उत्तम त्याच्याकडे बघतच राहिला आणि तेवढ्यात सगळं संपलं. मी पोट धरून हसलो होतो. "त्याच्याकडं खेळच न्हाई," हा म्हणाला, "घेऊ काय?" मी म्हणालो, तेव्हा तरी तुझा स्वतःचा खेळायचास! त्यावर तो हसला नाही. बूट काढत बसला.

मी लातुरात शाळेत क्रीडाशिक्षक झालो. तो नांदेडला खांबावर चढायचा दिवसभर, आणि संध्याकाळी एका जुन्या हॉलमध्ये पोरापोरींना शिकवायचा. मी वर्षातून दोन-तीनदा तरी जायचोच. पन्नाशी उलटली तरी गेल्या गेल्या ग्लोव्हज चढवायचो. सुनंदावहिनी म्हणायच्या, "आदी पानी तरी प्या, मग भांडा." आणि प्रत्येक वेळी तेच. मी फिरायचो, तो फिरायचा. मी थांबायचो, तो फिरायचा. मी एकदा मुद्दाम त्या परभणीच्या पोरासारखे हात फिरवले, तर हा खाली बसून हसायलाच लागला. मी त्याला म्हणायचो, एकटा खेळून दाखव. समोर कोणी नसताना बॉक्सर हवेत ठोसे मारत सराव करतो, तो प्रत्येकाचा आपापला असतो, त्यात चोरी करता येत नाही. तिथे मला याचा खेळ सापडला असता. तो म्हणायचा, "समोर कोनी न्हाई तर काय खेळू?" एकदा मी मुक्कामी असताना पहाटेच उठून हॉलवर जाऊन दारामागे लपलो, हा एकटा असताना काय करतो ते बघायला. हा आला, झाडू घेतला, हॉल झाडला, सतरंज्या उन्हात टाकल्या आणि दाराकडे न बघता म्हणाला, "ये आता बाहेर, चहा घेऊ." म्हणजे मी कसा लपतो हेही याला ठाऊक.

आता शेवटची भेट. गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून होता, सदरा अंगावर लोंबत होता. मी पिशवीतून ग्लोव्हज काढले, तो म्हणाला, आज नको, पोट बिघडलंय. मी त्याच्या हाताकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. डोळे पिवळे होते. वहिनी आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मग त्यानं सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. दुखायला लागून बरेच महिने झाले होते. वहिनींनाही त्याच पंधरवड्यात कळलं होतं. लवकर आले असते तर काहीतरी करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. काय करता आलं असतं, ते त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"बोलला का नाहीस?" मी ओरडलोच.

"तो गुपचूप आला होता ना रे," उत्तम म्हणाला. "आवाज न्हाई, काही न्हाई. म्हनलं आपन बी गुपचूप राहून बघू. कोन दमतंय."

मला काय झालं सांगता येत नाही. मी हातातले ग्लोव्हज भिंतीवर फेकले. "हे बॉक्सिंग आहे का? तिथे समोर माणूस आहे का दमायला?" त्या घरात, आजारी माणसासमोर, मी येरझाऱ्या घालत ओरडत होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी त्यानं माझ्या सुरात भांडण केलं नाही. "सवय लागली रे, व्यंक्या," एवढंच म्हणाला. मला अजून त्याचा राग येतो. उभ्या आयुष्यात या माणसानं समोरच्याला ओळखण्यात चूक केली नव्हती, आणि जिथे करायला नको तिथे केली. देगलूरच्या पोरासमोर वाट बघणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्याला कळायला नको? आजार एखाद्याला कळतो तरी का, की समोर कोणी उभं राहून वाट बघतंय... मी त्याच्या घरून निघालो तो निरोप न घेता. फोनवर नंतर बोललो, दर दोन दिवसांनी, पण भेट तीच शेवटची.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉलमधली सगळी पोरं-पोरी आली होती. वंदना झाली, भाषणं झाली. मला बोलायला सांगितलं, मी उभा राहिलो आणि दोन वाक्यांत बसलो, कारण माझ्या तोंडून एकच प्रश्न येत होता आणि तो त्या वेळी विचारण्यासारखा नव्हता. जेवणं उरकली, माणसं पांगली. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी त्या छोट्या खोलीत कपाटापासून दारापर्यंत आणि दारापासून कपाटापर्यंत. त्या म्हणाल्या, "बसा की वो भाऊजी. तुमी फिरायलात आन् मला घेरी यायलीय." मी बसलो. आणि मग बोलूनच गेलो. म्हणालो, वहिनी, एकच राहिलं. मला त्याला त्याच्या खेळात हरवायचं होतं, आणि त्याचा खेळ काय होता ते कोणालाच ठाऊक नाही. एकटा कधी खेळलाच नाही तो.

"कोन म्हनलं?" वहिनी म्हणाल्या. "रोज खेळायचे की. गच्चीवर. तुमी यायचे तवा तेवढे जायचे न्हाईत."

मी उठून उभा राहिलो. "कसे खेळायचे?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दाखवा. दिसलं असेल तसं दाखवा."

नको नको म्हणाल्या. मग कोण बघत नाही ना म्हणून दाराकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि उभ्या राहिल्या. दोन्ही मुठी गालांशी नेल्या. कोपरं पोटाला चिकटवली, हनुवटी खाली. डावीकडे थोडं झुकल्या. अर्धं पाऊल मागे. मान खाली घालून उजवीकडून वर आल्या. पुन्हा झुकल्या, पुन्हा मागे. कपाटाशी पाठ टेकली तर तिथेच खांदे वळवत, मुठी गालांशी घट्ट. वर्षानुवर्षांच्या सरावाचं माणूस जसं करील तसं अगदी हुबेहूब. मी वाट बघत होतो. आता येईल, आता डावा निघेल, मग उजवा.

"मग?" मी म्हणालो. "मारायचा कधी?"

"मारायचे न्हाईत."

"एकदाही नाही?"

"न्हाई. निस्तं असं झाकत राहायचे. घाम निथळायचा. मी बी एकदा इचारलं, कामून मारत न्हाईत म्हनून. तर म्हनले, मला कुठं कोनाला मारायचं हाय, सुनंदा? मारायचं समोरचा शिकवतो तवा शिकतो मी." वहिनींनी पदर सोडला आणि त्याच पदरानं तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्यासमोर रडलो. इतके दिवस जे आलं नव्हतं ते सगळं त्या कपाटाशी उभं राहून आलं. लिंबाखाली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं मला का दिलं नसेल ते मला कळलं. बॉक्सरनं बॉक्सरला हे कसं सांगायचं?

लातूरला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. बायको म्हणाली, आज पाण्याचा दिवस नाही. म्हटलं, माहीत आहे. टाकीजवळ मोकळी जागा आहे, तिथे उभा राहिलो, मुठी गालांशी नेल्या. आता मला त्याचा खेळ ठाऊक होता. एक राऊंड, तीन मिनिटं, नुसतं झाकायचं, एकही ठोसा टाकायचा नाही. एवढं जमलं की मी जिंकलो, आणि हे जमायला काय लागतं? झुकलो. अर्धं पाऊल मागे. मान खाली, उजवीकडून वर. समोर कोणी नव्हतं. पण माझ्या समोर कोणी नाही असं मला आयुष्यात कधी वाटलेलंच नाही... शाळेतले हेडमास्तर होते, तो डॉक्टर होता, पेपरातल्या दोन ओळी होत्या, हा मूर्ख उत्तम होता, गुपचूप बसलेला. एक मिनिटही झालं नसेल, माझा डावा हात सुटला. पाठोपाठ उजवा.

तेव्हापासून रोज जातो. श्वास मोजतो, दात आवळतो, कोपरं बरगड्यांना दाबून धरतो. शेजारच्यांना वाटतं सरांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. हात सुटतोच. आज सकाळीही सुटला. मी म्हणालो, "हरलो रे," आणि पुन्हा मुठी गालांशी नेल्या.